थरथरणाऱ्यांचे नाव

सेमिनरीत शिकत असताना एका इंग्रजी निबंधात आम्ही असे लिहिले होते की, संदेष्ट्याच्या प्रवचनाने लोकांना ‘ट्रेम्बल केले’. आमच्या प्राध्यापकांनी त्या शब्दाखाली तांबडी रेघ ओढली. ते म्हणाले, “झाड हलवता येते, बाटली हलवता येते, पण कोणी कोणाला ‘ट्रेम्बल’ करीत नसतो. ते ज्याचे त्यालाच व्हावे लागते.” व्याकरणाच्या या साध्या नियमाशेजारी इंग्लंडच्या इतिहासाचे एक पान ठेवून वाचता येते, हे आम्हास फार उशिरा उमगले.

आपल्या मराठीत हलणे-हलवणे, हादरणे-हादरवणे अशा जोड्या आहेत. इंग्रजीत ही दोन्ही कामे एकटा ‘शेक’ करतो. त्याची भावंडे मात्र साधारणतः अकर्मकच. थंडीने कुडकुडणे म्हणजे ‘शिव्हर’. भीषण विचाराने अंगावर शहारा येणे म्हणजे ‘शडर’. ओठ वा आवाज किंचित थरथरणे म्हणजे ‘क्विव्हर’. भीतीने, संतापाने वा भावनावेगाने माणूस ‘ट्रेम्बल’ होतो. मुळापासून हादरणे म्हणजे ‘क्वेक’, म्हणून भूकंपाला ‘अर्थक्वेक’ म्हणतात. यांची घराणीही निराळी आहेत. ‘शेक’ आणि ‘क्वेक’ हे जुन्या इंग्रजीतले घरचे शब्द. ‘ट्रेम्बल’ मूळचा लॅटिन. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतरच्या काळात तो फ्रेंच भाषेमार्फत इंग्रजीत आला. मृतांसाठीच्या जुन्या लॅटिन उपासनेतील ‘लिबेरा मे’ ज्यांनी ऐकले असेल, त्यांच्या कानांवरून ‘त्रेमेन्स’ हा त्याच कुळातला शब्द गेलेला आहे.

यांपैकी ‘क्वेक’ या क्रियापदाने एका पंथाला नाव दिले. जॉर्ज फॉक्स हा लेस्टरशायरमधील एका विणकराचा मुलगा. त्याचा जन्म १६२४ सालचा. तरुणपणी त्याने जोडे शिवण्याच्या धंद्यात उमेदवारी केली आणि पुढे गावोगावी फिरून तो उपदेश करू लागला. १६५० साली डर्बी येथे त्याला ईशनिंदेच्या आरोपावरून न्यायाधीशांपुढे उभे करण्यात आले. देवाच्या शब्दापुढे थरथर कापा, असे फॉक्सने त्यांना बजावले. तेव्हा गर्व्हास बेनेट या न्यायाधीशाने त्याला व त्याच्या सोबत्यांना ‘क्वेकर’, म्हणजे थरथरे, असे उपहासाने म्हटले. ही हकीकत फॉक्सनेच लिहून ठेवली आहे. ते लोक स्वतःला ‘मित्र’ म्हणवीत. परंतु जगाने टोपणनावच उचलले, आणि कालांतराने त्यांनीही ते निमूटपणे स्वीकारले.

त्यांची श्रद्धा व आपली श्रद्धा यांत मोठे अंतर आहे. ते संस्कारविधी मानीत नाहीत आणि त्यांच्यात धर्मगुरूची दीक्षाही नाही. तरीही त्यांच्या छळाची कथा वाचताना आपल्याला परके वाटत नाही. १६०५ साली संसद उडवून देण्याचा कट उघडकीस आल्यावर कॅथलिकांना पेचात धरण्यासाठी १६०६ साली राजनिष्ठेची शपथ सक्तीची झाली. तीत पोपमहोदयांचा अधिकार नाकारावा लागे. पुढे त्याच शपथेच्या सापळ्यात क्वेकर अडकले. प्रभूने डोंगरावरील प्रवचनात शपथ वाहू नका असे सांगितले, म्हणून ते कोणतीच शपथ घेईनात. १६६२ साली खास त्यांच्याविरुद्ध कायदा झाला. हजारोंनी तुरुंगवास भोगला आणि कित्येकांनी तेथेच प्राण सोडले. १६८९ च्या कायद्याने त्यांना उपासनेची मोकळीक मिळाली. कॅथलिकांना त्या कायद्यातून वगळण्यात आले. संसदेत बसण्याचा हक्क त्यांना १८२९ साली मिळाला.

या ‘थरथऱ्यां’च्या हातून पुढे काय घडले? १६८८ साली अमेरिकेत जर्मनटाऊन येथील क्वेकरांनी गुलामगिरीचा लेखी निषेध केला. १७८३ साली त्यांच्या बांधवांनी गुलामांच्या व्यापाराविरुद्ध ब्रिटिश संसदेकडे अर्ज केला. हा व्यापार बंद पाडण्यासाठी १७८७ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या समितीच्या १२ संस्थापकांपैकी ९ जण क्वेकर होते. १८०७ साली ब्रिटनने तो व्यापार कायद्याने बंद केला. महायुद्धांच्या काळातील व नंतरच्या त्यांच्या सेवाकार्याबद्दल १९४७ साली शांततेचे नोबेल पारितोषिक त्यांच्या दोन संस्थांना देण्यात आले.

प्राध्यापकांची तांबडी रेघ आता आम्हास अधिक कळते. न्यायाधीशाने, तुरुंगाने, कायद्याने या लोकांना हलवून पाहिले; ‘शेक’ हे क्रियापद सत्तेच्या हातात असते. पण देवापुढे अंतःकरण थरारते ते कोणाच्या हुकमाने नव्हे, आणि कोणाच्या हुकमाने थांबतही नाही.

विवाहविधीत वचन देताना एखाद्या वधूचा किंवा वराचा आवाज कापू लागतो, तेव्हा मागच्या बाकांवर हलकेच हशा पिकतो. अशा वेळी आम्हास डर्बीचे ते न्यायालय आठवते. आम्ही क्षणभर थांबतो आणि त्या थरथरत्या आवाजाला आपले वाक्य पुरे करू देतो.