टॉम क्रूझच्या आधीचा बार्नी

मंडळी, ‘मिशन इम्पॉसिबल’ म्हटलं की तुम्हाला विमानाला लटकलेला टॉम क्रूझ आठवणार. पण मूळ मालिका १९६६ ते १९७३, सात सीझन, अमेरिकेत सीबीएसवर चालली. कामगिरी ऐकवून धूर सोडणारी टेप, जळत जाणारी वात, लालो शिफ्रिनची ती धून... आजही मजा येते.

मी मात्र ती बघतो बार्नीसाठी. ग्रेग मॉरिसनं केलेला बार्नी कॉलियर म्हणजे टीमचा इलेक्ट्रॉनिक्सवाला. कुठल्यातरी बोळकांडीत सरपटत शिरतो, वायर कापतो, ड्रिल फिरवतो. बराच वेळ एक संवाद नाही, तरी आपण श्वास रोखून बसलेलो!

आता साल बघा. अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या मतदानाच्या हक्काला संरक्षण देणारा कायदा १९६५चा. म्हणजे जेमतेम वर्षभरापूर्वीचा. टीव्हीवर त्यांना बहुतेक नोकरचाकरांचीच कामं मिळायची. इथे मात्र ज्याच्या डोक्यावर अख्खी मोहीम अवलंबून, तो माणूस कृष्णवर्णीय, आणि टीमला त्याचं काही अप्रूपही नाही.

पहिल्या सीझननंतर टीमचा म्होरक्या बदलला, बाकीचेही आले-गेले. मॉरिस शेवटपर्यंत राहिला. १९८८मध्ये मालिका परत आली, तेव्हा बार्नीच्या मुलाची भूमिका केली मॉरिसच्याच मुलानं, फिलनं.