सिडनीतली तक्रार आणि १,२९५ टेम्प्लेट्स

एपिसोड ऐकून इथे आला असाल, तर आधी एक छोटा प्रयोग करून बघा. फोनमधलं टॉकबॅक किंवा व्हॉइसओव्हर सुरू करा, डोळे मिटा, आणि तुमच्या कौन्सिलच्या साइटवर कचरा कोणत्या दिवशी उचलतात ते शोधा. (ते बंद कसं करायचं हे मात्र आधीच बघून ठेवा. मी बघितलं नव्हतं, आणि बराच वेळ फोनशी झटापट केली.)

सापडलं असेल तर छानच. पण फोन नुसता 'इमेज, लिंक, इमेज' म्हणत राहिला असेल, तर १९९९ साली ब्रूस मॅग्वायर जिथे अडकले होते तिथेच तुम्ही आहात.

मॅग्वायर ऑस्ट्रेलियातले, जन्मापासून अंध. ते ब्रेल डिस्प्ले वापरत. कॉम्प्युटरला जोडलेल्या या यंत्रात स्क्रीनवरच्या मजकुराप्रमाणे बारीक टोकं वर-खाली होतात आणि ती बोटांनी वाचायची. त्यांना २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकची तिकिटं काढायची होती. तिकिटांची माहिती ब्रेलमध्ये मिळाली नाही आणि वेबसाइट वाचता येत नव्हती. जून १९९९ मध्ये त्यांनी १९९२ च्या अपंगत्व भेदभाव कायद्याखाली मानवी हक्क आयोगाकडे तक्रार केली. ती ऑलिंपिक संयोजन समितीविरुद्ध होती. ही काही खासगी कंपनी नव्हती, न्यू साउथ वेल्सच्या कायद्याने स्थापन झालेली सार्वजनिक संस्था होती.

साइटबद्दलच्या मागण्या तीनच होत्या. चित्रांना आणि चित्रांतल्या लिंकना ऑल्ट टेक्स्ट द्या, म्हणजे चित्रात काय आहे ते सांगणारा, कोडमध्ये लिहिलेला मजकूर. वेळापत्रकाच्या पानावरून खेळांच्या यादीकडे जाता येऊ द्या. आणि निकालांचे तक्ते वाचता येतील असे करा. तिसरी मागणी जरा समजून घ्या. आपण तक्ता बघतो तेव्हा डोळे एकाच वेळी आडवे-उभे फिरतात. स्क्रीन रीडर मात्र एकेक चौकोन ओळीने वाचतो. कोणता रकाना कशाचा हे कोडमध्ये नोंदलेलं नसेल, तर हाती लागतो नुसता आकड्यांचा ढीग. यातलं काहीही त्या काळी अशक्य नव्हतं. वेबसाठीची पहिली सुगम्यता मार्गदर्शक तत्त्वं मे १९९९ मध्ये, म्हणजे तक्रारीच्या महिनाभर आधीच जाहीर झाली होती, आणि चित्रांना पर्यायी मजकूर हा त्यातला अगदी पहिला मुद्दा होता.

समितीचा बचाव वाचताना मला आपल्याकडच्या सरकारी कचेऱ्या आठवल्या. काम आमच्यावर अवाजवी बोजा टाकणारं आहे, असं त्यांचं म्हणणं. तक्त्यांची १,२९५ टेम्प्लेट्स बदलावी लागतील, एका माणसाने रोज आठ तास काम केलं तर ३६८ दिवस जातील, वर २० लाख डॉलरहून जास्त खर्च येईल. मॅग्वायर यांच्या बाजूने ऑस्ट्रेलियाचे टॉम वर्दिंग्टन आणि कॅनडाच्या युटा ट्रेव्हिरानस या तज्ज्ञांनी साक्ष दिली. टेम्प्लेट्स इतकी नाहीतच, प्रत्येकाला इतका वेळही लागत नाही, आणि एक अनुभवी डेव्हलपर व मदतीला काही जण असले तर हे चार आठवड्यांचं काम आहे! माझ्या मते या खटल्याचा गाभा हाच. समिती जो खर्च मोजत होती तो सुगम्यतेचा नव्हता, आधी न केलेलं काम नंतर करण्याचा होता.

२४ ऑगस्ट २००० रोजी आयोगाचे विल्यम कार्टर यांनी मॅग्वायर यांच्या बाजूने निकाल दिला. मुदत १५ सप्टेंबरची, त्याच दिवशी ऑलिंपिकचं उद्घाटन होतं. समितीने थोडेफार बदल केले, आदेश पूर्ण पाळलाच नाही. १ ऑक्टोबरला स्पर्धा संपली. नोव्हेंबरमध्ये आयोगाने २०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर भरपाई द्यायला सांगितली. पण कोण जिंकलं, किती सेकंदांनी, हे त्या पंधरवड्यात स्वतःच्या बोटांनी वाचणं राहिलं ते राहिलंच.

'अवाजवी बोजा' हा शब्दप्रयोग तिथेच संपला नाही. मी राहते त्या ब्रिटनमध्ये सार्वजनिक संस्थांच्या वेबसाइट आणि ॲपसाठीचे नियम २०१८ मध्ये लागू झाले, आणि जुन्या साइटना सप्टेंबर २०२० पर्यंत मुदत मिळाली. प्रमाणाबाहेर बोजा पडत असेल तर सूट मागायची सोय याही नियमांत आहे. पण हे नियम ज्या युरोपीय निर्देशावरून आले, त्यात वेळ नव्हता, माहीत नव्हतं, प्राधान्य नव्हतं ही सबब चालणार नाही असं सांगितलेलं आहे. म्हणजे १,२९५ चा हिशोब मांडण्याआधी 'इतके दिवस काय करत होता' याचं उत्तर द्यावं लागतं. भारतातही एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. त्यातल्या काही अर्जदार ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या होत्या. केवायसीसाठी कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करा, ही अट त्यांना पुरी करता येत नव्हती.

आता आपल्या घरचं. २०१८ चे नियम मराठी मंडळांसाठी नाहीत. इथल्या एका मंडळाच्या साइटवर गणपतीचं आमंत्रण, पत्ता, महाप्रसादाची वेळ, सगळं एका सुंदर पोस्टरमध्ये होतं, ऑल्ट टेक्स्टशिवाय. मी कार्यकारिणीतल्या एका काकांना फोन केला. ते म्हणाले, "अगं, पण आपल्यात तसं कोणी नाहीये ना." काका, साइट वाचताच येत नाही म्हटल्यावर कोणी येणार तरी कसं? शेवटी एका रविवारी बसून मीच पोस्टरांखाली मजकूर लिहिला आणि पानाची भाषा मराठी असल्याचं कोडमध्ये नोंदवलं, कारण नाहीतर इंग्रजी आवाज देवनागरी वाचायला जातो आणि गोंधळतो. जुनी स्मरणिका तेवढी राहिली आहे. ती युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये आहे. डोळ्यांना मराठी दिसते, पण आत इंग्रजी अक्षरं साठवलेली आहेत, आणि स्क्रीन रीडर तीच वाचतो. ती सगळी पुन्हा टाइप करावी लागणार. कोणाला वेळ असेल तर कळवा, ९६ पानं आहेत.