गोन्सालो : एका विरळ नांवाची कुळकथा

घरांत मूल जन्मास आलें म्हणजे पाळण्याच्या दोरीला हात लागण्यापूर्वींच जो प्रश्न उभा राहतो, तो नांवाचा. आजी एक नांव सुचविते, आत्या दुसरें. कोणी संतांच्या दिनदर्शिकेचें पान उलगडून पाहतो. शेवटीं एक नांव ठरतें, स्नानसंस्काराच्या वेळीं धर्मगुरु तें उच्चारतात आणि धर्मग्रामाच्या नोंदवहींत तें कायमचें लिहिलें जातें. महोत्सवाच्या निमित्तानें आपल्या धर्मग्रामाच्या गतकाळाचा विचार करतांना आम्हांस असें वाटलें कीं, या नोंदवहींतील नांवें हाही आपला इतिहासच आहे. जीं नांवें तींत वारंवार येतात, त्यांची थोरवी सर्वांस ठाऊक आहे. आज आम्ही अशा एका नांवाची कथा सांगणार आहों, जें आपल्या कानीं क्वचितच पडतें. तें नांव गोन्सालो.

हें नांव मुळांत मराठी नाहीं हें उघडच आहे. पण तें मुळांत पोर्तुगीजही नाहीं. इसवी सनाच्या पांचव्या शतकांत रोमचें पश्चिमेकडील साम्राज्य मोडकळीस आलें, तेव्हां व्हिसिगॉथ नांवाचे जर्मन वंशाचे लोक आजच्या स्पेन आणि पोर्तुगाल या देशांत उतरले. त्यांचें राज्य पुढें लयास गेलें, त्यांची भाषाही लोपली. परंतु त्यांनीं आणलेलीं माणसांचीं नांवें मात्र तेथल्या भूमींत रुजलीं. त्यांपैकींच हें एक. मध्ययुगांतील लॅटिन कागदपत्रांत तें 'गुंदिसाल्वुस' असें आढळतें. त्याच्या पूर्वार्धाचा अर्थ युद्ध. उत्तरार्धाविषयीं पंडितांत एकमत नाहीं. तथापि लॅटिनमध्यें 'साल्वुस' म्हणजे सुखरूप, आणि या शब्दाची छाया त्या नांवावर पडली असावी, असें मानणारे आहेत. पुढें लोकांच्या जिभेवर तें झिजत झिजत पोर्तुगीजांत गोन्सालो आणि स्पेनच्या कास्तील प्रांतीं गोन्थालो झालें. संत अलोयसियस गोन्झागा यांच्या नांवाशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं, हेंही येथें सांगून ठेवावें. गोन्झागा हें इटलींतील एका गांवावरून पडलेलें कुलनाम आहे.

मध्ययुगांत हें नांव स्पेन-पोर्तुगालांत राजघराण्यापासून शेतकऱ्याच्या झोंपडीपर्यंत पसरलें होतें. दहाव्या शतकांत कास्तीलचा काउंट फेर्नान गोन्थालेस हा मोठा प्रसिद्ध पुरुष होऊन गेला. त्याच्या पित्याचें नांव गोन्थालो फेर्नांदेस. वाचकांनीं या दोन नांवांकडे जरा निरखून पाहावें. गोन्थालोचा पुत्र तो गोन्थालेस, आणि फेर्नांदोचा पुत्र तो फेर्नांदेस. आपण मुलाच्या नांवापुढें बापाचें नांव जसेंच्या तसें जोडतों. त्या लोकांनीं बापाच्या नांवाला एक प्रत्यय लावून तें जोडलें, आणि कांहीं शतकांनंतर तेंच गोठून आडनांव बनलें. रोद्रिगोचा रोद्रिग्ज, आल्वारोचा आल्वारिस, तसाच गोन्सालोचा गोन्सालविस. वसई, मुंबई आणि गोवें येथें गोन्सालविस आडनांवाचीं शेंकडों घराणीं आहेत. त्या प्रत्येकाच्या उंबरठ्यावर हें नांव रोज उभें असतें, पण त्याला कोणी ओळखत नाहीं.

नांव लोकप्रिय होण्यास दुसरें कारण घडलें तें एका सत्पुरुषाचें. तेराव्या शतकांत उत्तर पोर्तुगालांतील आमारांत या गांवीं गोन्सालो नांवाचा एक दोमिनिकन धर्मगुरु राहत असे. त्याच्या पश्चात् त्याची भक्ति त्या प्रांतीं घरोघर पसरली, आणि 1561 सालीं त्याच्या भक्तीस ख्रिस्तसभेची मान्यता मिळाली. म्हणजे पोर्तुगीज शिपाई, व्यापारी आणि धर्मगुरु जेव्हां आपल्या किनाऱ्यास लागले, तेव्हां हें नांव त्यांच्या घरचें, अगदीं रोजच्या वापरांतलें होतें.

वसईचा प्रांत 1534 सालीं गुजरातच्या सुलतान बहादुरशहाकडून पोर्तुगीजांकडे गेला. त्यानंतर दोन तपांच्या आंतच, 1556 च्या सुमारास, वसईच्या भूमींत एक मूल जन्मलें. बाप पोर्तुगीज शिपाई, आई याच मातीची. मुलाचें नांव गोन्सालो गार्सिया. येशूसंघीयांच्या वसईंतील शाळेंत तो शिकला आणि किशोरवयांतच त्यांच्याबरोबर जपानांत गेला. तेथें धर्मशिक्षक म्हणून त्यानें काम केलें, जपानी भाषा आत्मसात केली. पुढें कांहीं काळ व्यापार केला. त्यांतही मन रमेना, तेव्हां मनिला येथें जाऊन तो फ्रान्सिस्कन संघांत साधा बंधु म्हणून दाखल झाला. 1593 सालीं फादर पेद्रो बाप्तिस्ता यांच्याबरोबर तो पुनः जपानांत आला, तो त्यांचा दुभाषी म्हणून. परक्या देशीं आलेल्या त्या संन्याशांना तोंड होतें तें वसईच्या या पुत्राचें.

त्या वेळीं जपानची सत्ता तोयोतोमी हिदेयोशी याच्या हातीं होती. 1596 सालच्या अखेरीस त्यानें या मिशनऱ्यांस पकडविलें. क्योतो शहरांत त्यांच्या डाव्या कानाचा भाग कापण्यांत आला, आणि ऐन हिवाळ्यांत सुमारें महिनाभर चालवीत त्यांस नागासाकीला नेण्यांत आलें. 5 फेब्रुवारी 1597 रोजीं तेथील टेंकडीवर सव्वीस जणांस क्रुसांवर बांधून भाल्यांनीं मारण्यांत आलें. त्यांत सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी येशूसंघीय आणि सतरा प्रापंचिक भाविक होते. ज्याच्या नांवाच्या पूर्वार्धांत युद्ध आहे, तो शस्त्र न उचलतां मरण पावला. 1627 सालीं त्यांस धन्य म्हणून गौरविण्यांत आलें, आणि 8 जून 1862 रोजीं पोप नववे पायस यांनीं त्या सर्वांस संतपद दिलें. भारतांत जन्मलेला हा पहिला संत. यानंतर भारतांत जन्मलेली दुसरी व्यक्ति या पदास पोहोंचली ती केरळची संत अल्फोन्सा, 2008 सालीं. मध्यें 146 वर्षें गेलीं.

आतां साहजिकच प्रश्न उद्भवतो. संत फ्रान्सिस झेवियर 1542 सालीं गोव्यास आले, 1552 सालीं चीनच्या किनाऱ्याजवळ निवर्तले, 1622 सालीं संत झाले. 'झेवियर' हें तर माणसाचें नांवही नव्हे. स्पेनमधील नाव्हारा प्रांतांतील एका वाड्याचें तें नांव, आणि बास्क भाषेंत त्याचा अर्थ 'नवें घर'. असें असतां झेवियर नांवाचे पुरुष आपणांस गांवोगांव भेटतात, आणि या भूमीच्याच पुत्राचें नांव मात्र विरळ राहिलें, हें कसें?

आमच्या मतें याचीं कारणें चार आहेत. पहिलें, काळाचें. गोन्सालोला संतपद मिळालें तेव्हां त्याच्या मृत्यूस 265 वर्षें लोटलीं होतीं. वसई 1739 सालींच मराठ्यांनीं जिंकली होती, जुने मठ ओस पडले होते, आणि त्याची आठवण जागती ठेवणारे त्याचे संघबंधु तेथून निघून गेले होते. दुसरें, स्थळाचें. झेवियरांचा देह गोव्यांत आहे, यात्रेकरूस तेथें माथा टेकतां येतो. गोन्सालोनें देह ठेविला तो दूर नागासाकीस. तिसरें, सोबत्यांचें. जगभरच्या ख्रिस्तसभेच्या दिनदर्शिकेंत 6 फेब्रुवारीचा सण 'संत पॉल मिकी व त्यांचे सोबती' या नांवानें येतो. आपला संत त्या 'सोबती' या शब्दांत दडून राहतो. चौथें, राज्यकर्त्यांच्या भाषेचें. इंग्रजी अमलांत जॉन, जोसेफ, फ्रान्सिस हीं रूपें शाळा-कचेऱ्यांतून रूढ झालीं. गोन्सालोला असें सोईचें इंग्रजी रूपच नाहीं. इकडे पोर्तुगालांत मात्र अलीकडच्या कांहीं दशकांत गोन्सालो हें मुलग्यांच्या फार आवडत्या नांवांपैकीं एक झालें आहे.

वसईकरांनीं आपल्या संताला टाकलें, असें मात्र कोणी समजूं नये. गास येथील चर्च त्याच्या नांवाचें आहे, वसईंतील महाविद्यालय त्याच्या नांवाचें आहे. इमारतींवर हें नांव मोठ्या अक्षरांत आलें. पाळण्यांत तें फारसें आलें नाहीं, एवढेंच.

परंतु आपल्या परभणी जिल्ह्याची गोष्ट याहून निराळी आहे. येथें पोर्तुगीजांचें राज्य कधींच नव्हतें. 1948 सालापर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. आपण ज्या औरंगाबाद धर्मप्रांतांत मोडतों, तो 1977 सालीं स्थापन झाला. म्हणून वसईस जें नांव निदान आडनांवांत वस्ती करून राहिलें, तें येथें तसेंही पोहोंचलें नाहीं. आपल्या घरांतून बायबलांतील नांवांबरोबर या मातीचींही नांवें चालतात, आणि तें आम्हांस योग्यच वाटतें. ख्रिस्तसभेचा नियमही येथें पाहण्याजोगा आहे. 1917 सालच्या धर्मसंहितेप्रमाणें मुलास ख्रिस्ती नांव देण्याविषयीं धर्मगुरूंनीं दक्षता घ्यावी, आणि आईबापांनीं तसें न दिल्यास एखाद्या संताचें नांव जोडून दोन्हीं नोंदवहींत लिहावीं, असें होतें. 1983 सालच्या संहितेनें ही अट सैल केली. नांव ख्रिस्ती भावनेस विसंगत नसावें, एवढेंच तिचें सांगणें आहे. आज प्रकाश किंवा संतोष या नांवानें बालकास स्नानसंस्कार देण्यास कांहीं अडचण नाहीं.

मग कोणी म्हणेल, दार इतकें उघडें झाल्यावर गोन्सालो हें परकें नांव हवें कशाला? आक्षेप बरोबर आहे, आणि त्यास उत्तरही आहे. नांव परकें असतें तें उच्चारणाऱ्याच्या ओठांवर. एकदां एखाद्या आईनें आपल्या लेंकरास त्या नांवानें हाक मारली, कीं तें तिच्या घरचें झालें. शिवाय ओकारान्त पुरुषनाम मराठीस नवें नाहीं. मोरो, नारो, दादो, विठो हीं नांवें मराठ्यांच्या इतिहासांत किती तरी वेळां येतात.

नांवें किती दूर चालत जातात, हेंही परभणीकरांस कोणी शिकवावयास नको. नामदेवांचें नरसी गांव 1999 सालीं हिंगोली जिल्हा निराळा होईपर्यंत आपल्याच जिल्ह्यांत होतें. तेथील एका शिंप्याच्या घराण्याशीं जोडलेलें हें नांव पंजाबपर्यंत पोहोंचलें. शिखांच्या गुरु ग्रंथसाहिबांत नामदेवांचीं 61 पदें आहेत, आणि त्यांची स्मृति जपणाऱ्या घुमान गांवीं 2015 सालीं मराठी साहित्य संमेलन भरलें. नरसीचें नांव जर पंजाबांत परकें राहिलें नाहीं, तर वसईचें नांव गोदाकांठीं परकें कां राहावें?

असो. अमुकच नांव ठेवा, असा आग्रह धरणें आमचें काम नव्हे. नांव हें आईबापांनीं प्रेमानें द्यावयाचें असतें. आमची विनंती एवढीच आहे कीं, पुढच्या वेळीं एखाद्या घरीं पाळणा हलेल किंवा एखादा मुलगा दृढीकरणासाठीं संताचें नांव शोधीत असेल, तेव्हां या भूमीच्या पहिल्या संताचें नांव निदान एकदां आठवावें. तें घेतलें नाहीं तरी त्याची कथा मुलास सांगावी. आणि कोणी तें घेतलेंच, तर आपल्या नोंदवहींत त्या दिवशीं एक नवें नांव लिहिलें जाईल. तें लिहितांना धर्मगुरूंनीं क्षणभर थांबून त्या मुलास सांगावें, "बाळ, तुझ्या नांवाचा माणूस दुभाषी होता. परक्यांचें बोलणें परक्यांस समजावून देतां देतां तो मरण पावला, पण त्यानें आपला शब्द फिरविला नाहीं."