तळटीप १७ : ‘रायझिंग स्टार’

१७. ‘रायझिंग स्टार’ : फ्रीमेसन बंधुसमाजाचे ‘लॉज रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’. पुढे १८६३ मध्ये मुलींसाठी अलेक्झांड्रा विद्यालय काढणारे पारशी गृहस्थ माणकजी खरशेटजी (१८०८–१८८७) यांना मुंबईतील युरोपियनांच्या लॉजने प्रवेश नाकारला, आणि पॅरिस येथे रीतसर दीक्षा घेऊन परतल्यावरही येथील दरवाजे त्यांना बंदच राहिले, तेव्हा कंपनी सरकारच्या वैद्यकखात्यातील डॉ. जेम्स बर्न्स (काबूल येथे १८४१ मध्ये मारल्या गेलेल्या अलेक्झांडर बर्न्स यांचे वडील बंधू) यांनी स्कॉटलंडच्या ग्रँड लॉजच्या अंमलाखाली डिसेंबर १८४३ मध्ये हे लॉज एतद्देशीयांसाठी स्थापन केले. त्या वर्णाभिमानी काळात हे कृत्य निःसंशय धैर्याचे होते. पारशी व मुसलमान गृहस्थ येथे गोऱ्या साहेबांच्या बरोबरीने बसत. पीठावरील धर्मग्रंथावर गवंड्याचा गुण्या व कंपास ठेवलेला असे, आणि शपथ ज्याने त्याने आपल्याच धर्मग्रंथावर हात ठेवून घ्यावयाची, असा रिवाज होता. फोर्टातील हल्लीचा फ्रीमेसन्स हॉल १८९७ मधला आहे. सबब प्रस्तुत उताऱ्यातील बैठक त्या वास्तूत भरलेली नव्हे, हे वाचकांनी ध्यानी घ्यावे. — संपादक