तक्त्यांच्या वाटणीची कुळकथा

आलेलं पॅकेट कुठल्या पोर्टमधून पुढे धाडायचं, हे स्विचला नॅनोसेकंदांत ठरवावं लागतं. तक्ता ओळीओळीने चाळायला तेवढी सवड नसते. म्हणून टीकॅम ही खास मेमरी आली. तिच्यातल्या सगळ्या नोंदी एकाच वेळी तपासल्या जातात आणि नोंदीतला प्रत्येक बिट शून्य, एक किंवा 'काहीही चालेल' असा असतो. १९९३ साली सीआयडीआर पद्धत आली, सर्वांत लांब जुळणारा प्रीफिक्स शोधणं भाग पडलं आणि त्या कामाला ही तिसरी सोय नेमकी लागू पडली. पण टीकॅम महाग, वीज खाणारी, तापणारी. ती हवी तेवढी घालता येत नाही, तेव्हा आहे तीच वाटून घ्यायची.

सिस्कोच्या कॅटॅलिस्ट ३७५० वर ही वाटणी 'एसडीएम प्रिफर' कमांडने करता येई. मुळातल्या साच्यात सुमारे ६ हजार मॅक पत्ते आणि ८ हजार मार्ग. 'राउटिंग' निवडलं की पत्ते ३ हजार, मार्ग ११ हजार. 'व्हीलॅन' निवडलं की पत्ते १२ हजार आणि मार्ग शून्य! तोच स्विच, तीच चिप. बदल लागू व्हायला मात्र स्विच रीलोड करावाच लागे.

वाटणी चुकली तर काय होतं, ते १२ ऑगस्ट २०१४ रोजी जगाने पाहिलं. त्या दिवशी इंटरनेटच्या मार्गांची संख्या ५ लाख १२ हजारांपुढे गेली. अनेक जुन्या राउटरांत १० लाख नोंदींची जागा होती, पण आयपीव्ही४ साठी मुळात निम्मीच राखलेली. उरलेली आयपीव्ही६ आणि मल्टिकास्टसाठी. जागा शिल्लक असूनही मार्ग मावेनात. न मावलेल्या मार्गांची पॅकेटं सीपीयूकडे गेली आणि नेटचा वेग कोसळला. उपाय एका ओळीच्या कमांडचा, पुन्हा रीबूटसकट. माझ्या मते दोष मेमरीचा नव्हताच. कारखान्यातून आलेली वाटणी वर्षानुवर्षं कुणी उघडून पाहिली नव्हती, दोष तिथे होता.

पुढे ब्रॉडकॉमच्या ट्रायडेंट २ चिपने पत्ते आणि मार्गांसाठी मेमरीच्या सामाईक बँका ठेवल्या. तीच चिप असलेल्या ज्युनिपरच्या क्यूएफएक्स५१०० वर एका प्रोफाइलमध्ये २८८ हजार मॅक पत्ते आणि १६ हजार होस्ट मार्ग, तर दुसऱ्यात ९६ हजार मॅक आणि २०८ हजार होस्ट. बेरीज दोन्हीकडे ३०४ हजारच. इथेही प्रोफाइल बदललं की पॅकेट पुढे धाडणारं इंजिन पुन्हा सुरू होतं, तेवढा वेळ वाहतूक थांबते. म्हणून प्रोफाइल ठरवायचं ते स्विच रॅकमध्ये चढवण्याआधीच.