हौदाचे पाणी आणि कालव्याचे पाणी

पुण्याच्या शुक्रवार पेठेत काळा हौद आणि बदामी हौद ही नावे आज केवळ पत्ता सांगण्यापुरती उरली असली, तरी पेशव्यांच्या दरबारामुळे वाढत चाललेल्या या शहराची तहान जेव्हा विहिरींनी आणि मुठेच्या डोहांनी भागेनाशी झाली, तेव्हा नानासाहेब पेशव्यांनी 1750 च्या सुमारास कात्रजच्या डोंगरपायथ्याशी बंधारे घालून तेथील पाणी शहरात आणण्याची जी तजवीज केली, तिची ती साक्ष आहेत. वरच्या तलावात गाळ बसावा, निवळ पाणी खाली उतरावे, तेथून ते जमिनीखालच्या चुनेगच्ची नळातून निव्वळ उताराच्या बळावर शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठापेठांतील हौदांपर्यंत वाहत यावे, आणि कोंडलेल्या हवेला वाट मिळावी म्हणून मार्गात ठिकठिकाणी उच्छ्वास बांधलेले असावेत, अशी ती रचना होती.

मला या रचनेत कौशल्याहूनही मोलाची वाटते ती हौदाची उघडी कड. पाऊस ओढ देऊ लागला की हौदातील पाणी खाली सरके, ओल्या दगडावर कालच्या पातळीची काळसर रेघ मागे राही, आणि पोहरा तळाला घासल्याचा आवाज आला की घागर घेऊन मागे उभ्या असलेल्या बाईला आपल्या वाट्याला काय उरले ते कोणी सांगावे लागत नसे. दोन कळश्यांच्या जागी तीन भरून नेणाऱ्यास ती तिसरी कळशी कोणाच्या तोंडची आहे, हे समोर दिसत असे.

1869 ते 1879 या काळात खडकवासल्याचे धरण बांधले गेले आणि हा हिशेब नजरेआड झाला. पुणे शहर व लष्करी छावण्या यांना पाणी पुरवावे आणि त्याचबरोबर पूर्वेकडील अवर्षणग्रस्त मुलखाला कालव्याने भिजवावे, असा या धरणाचा दुहेरी हेतू होता. म्हणजे नळाच्या पाण्यावर पहिल्या दिवसापासून शेताचाही हक्क होता. पुढे पानशेत, वरसगाव आणि टेमघर यांची भर पडून चारही धरणांचा साठा सुमारे 29 अब्ज घनफुटांवर गेला. परंतु हक्कदारही वाढले, आणि हवेली, दौंड, इंदापूर येथील शेतकरी उन्हाळी आवर्तन कधी सुटते याची वाट पाहत त्याच साठ्याकडे डोळे लावून बसू लागला. पावसाळा सरल्यावर कालवा सल्लागार समितीत जी वाटणी ठरते, तीत 15 जुलैपर्यंत शहराला पुरेल एवढे पाणी आधी राखून ठेवावे लागते. शहर जितके अधिक उपसते, तितके कालव्याच्या शेवटच्या टोकाला कमी पोहोचते. पाणीकपातीच्या दिवसांत पर्वतीच्या पायथ्याशी उभे राहून, कालवा भरून वाहत असता आमचेच नळ का कोरडे, असे विचारणारी माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत. त्यांचा संताप मला समजतो. परंतु ते पाणी इंदापूरच्या उभ्या पिकाचे असते, आणि ते पीक त्यांना तेथून दिसत नाही.

नजरेआड झालेला हौद मध्यंतरी एकदा मात्र पुन्हा आठवला. 12 जुलै 1961 रोजी पानशेत फुटले, पाठोपाठ खडकवासलाही गेले, आणि पूर ओसरल्यावर चिखलाने भरलेल्या त्याच शहरात प्यायला पाणी मिळेना, तेव्हा विस्मृतीत गेलेल्या हौदांकडे आणि आडांकडे माणसे पुन्हा भांडी घेऊन धावली.

कपातीची एक सवय मला आजही बोचते. पाणी येणार नाही म्हणून आदल्या दिवशी पिंप, हंडे, बादल्या काठोकाठ भरायच्या आणि दुसऱ्या दिवशी नळ वाजला की ते सारे शिळे म्हणून मोरीत ओतून द्यायचे, हे घरोघर चालते, आणि बंदच्या दिवशी वाचलेले पाणी अशा रीतीने गटारात जाते. आमच्या वाड्यातील एक आजी मात्र कालचा हंडा कधी पालथा करीत नसत. त्या तांब्याच्या घागरीच्या तोंडावर धुवट पंच्याचा पदर चौपदरी धरीत, हंड्यातले पाणी सावकाश त्यातून गाळीत, आणि तळाशी उरलेले ओंजळभर गढूळ पाणी तेवढे तुळशीच्या आळ्यात घालीत.