गॅस गिझर का विझतो? बिघाड ओळखण्याचा क्रम आणि दुर्लक्षित धोका

अहिल्यानगर, प्रतिनिधी : डिसेंबर-जानेवारीत नगर शहरातील किमान तापमान अनेकदा दहा अंशांच्या खाली उतरते आणि घरोघरी गॅस गिझरच्या कुरबुरी सुरू होतात. कुठे गिझर पेटतच नाही, कुठे पेटून लगेच विझतो, तर कुठे पाणी केवळ कोमट येते. यातील बहुतेक तक्रारींची कारणे किरकोळ असतात आणि ती घरच्या घरी ओळखता येतात. मात्र एक गोष्ट आधीच ध्यानात घ्यावयास हवी. न पेटणारा गिझर गैरसोयीचा असतो. बंद न्हाणीघरात विनातक्रार पेटत राहणारा गिझर जिवावर बेतू शकतो. दर हिवाळ्यात न्हाणीघरात गुदमरून झालेल्या मृत्यूंच्या बातम्या राज्याच्या कोठल्या ना कोठल्या भागातून येतात, त्यामागे बहुधा हेच कारण असते.

गिझर पेटतो कसा?

बिघाड शोधण्यापूर्वी गिझरच्या कामाचा क्रम समजून घेणे उपयुक्त ठरते. नळ सोडला की वाहत्या पाण्याच्या दाबाने आतील रबरी पडदा सरकतो आणि एक छोटा स्विच दाबला जातो. त्याबरोबर सेलवर चालणारे मंडल सुरू होऊन 'टक्‌ टक्‌' असा आवाज करीत ठिणग्या पडतात. त्याच वेळी विजेवर चालणारी झडप उघडून बर्नरमध्ये गॅस येतो आणि ज्योत पेटते. ज्योतीत धरलेली धातूची एक सळई ही ज्योत खरोखर पेटली आहे की नाही, याची खबर मंडलाला देते. काही सेकंदांत ही खबर मिळाली नाही, तर झडप आपोआप बंद होते. पाणी, सेल, ठिणगी, गॅस आणि ज्योतीची खबर या साखळीतील कोणती कडी तुटली, हे पाहणे म्हणजेच बिघाड शोधणे होय.

ठिणगीचा आवाजच येत नाही

अशा वेळी गॅसकडे नव्हे, तर पाण्याकडे आणि सेलकडे पाहावे. गच्चीवरील टाकी आणि गिझर यांच्या उंचीत पुरेसा फरक नसल्यास पडदा सरकविण्याइतका दाब मिळत नाही. वरच्या मजल्यावरील सदनिकांत ही अडचण नेहमीची आहे. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब सुमारे एक बार असतो. टाकी केवळ एक मीटर वर असेल, तर तो जेमतेम एकदशांश बार भरतो. आपल्या गिझरला किमान किती दाब हवा, हे माहितीपुस्तिकेत दिलेले असते.

पाणी ज्या तोंडातून गिझरमध्ये शिरते, तेथे बारीक जाळी असते. टाकी धुतल्यानंतर किंवा जलवाहिनीच्या दुरुस्तीनंतर या जाळीत गाळ अडकतो. पाण्याचा कॉक बंद करून ती काढून धुता येते. त्यानंतर सेल तपासावेत. बहुतेक गिझरमध्ये टॉर्चसाठी वापरतात तसे मोठे दोन सेल असतात. न्हाणीघरातील दमटपणामुळे त्यांच्या टोकांवर हिरवट-पांढरा थर जमतो. तो कोरड्या कापडाने पुसावा आणि दोन्ही सेल एकदमच बदलावेत.

ठिणगी पडते, पण ज्योत नाही

येथे पाणी आणि स्विच ठीक आहेत, एवढे निश्चित. सिलिंडर रिकामा आहे का, रेग्युलेटर चालू आहे का, नळी कुठे मुडपली आहे का, हे पाहावे. सिलिंडर बदलल्यानंतर नळीत हवा राहते, त्यामुळे दोन-तीन वेळा नळ बंद-चालू करावा लागतो. सेल अर्धवट उतरलेले असतील, तर ठिणगी पडते. पण झडप उघडण्याइतकी वीज शिल्लक नसते. शेगडी आणि गिझर एकाच रेग्युलेटरवर जोडलेले असल्यास दोन्ही एकदम चालू असताना गॅसचा दाब कमी पडू शकतो. आपल्याकडील घरगुती गॅस उपकरणे सुमारे तीस मिलिबार एवढ्या अल्प दाबावर चालतात, त्यामुळे थोडी घटही जाणवते.

अनेक महिने बंद असलेल्या गिझरच्या बर्नरमध्ये कोळी जाळे विणतात आणि गॅसची बारीक छिद्रे बुजतात. हे काम मात्र कारागिराकडून करून घ्यावे.

पेटतो आणि विझतो

चार-पाच सेकंदांत विझत असेल, तर ज्योतीची खबर देणाऱ्या सळईवर काजळी बसली असण्याची किंवा ती ज्योतीच्या बाहेर सरकली असण्याची शक्यता अधिक असते. काही मिनिटांनी विझत असेल, तर तीन कारणे संभवतात. पाण्याचा प्रवाह मंद झाल्याने पाणी फार तापते आणि उष्णतारोधक स्विच गिझर बंद करतो. अनेक मॉडेलमध्ये ठरावीक वेळेनंतर, बहुधा वीस मिनिटांनी, ज्योत बंद करणारी योजनाच असते. तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे आहे. खोलीतील प्राणवायू कमी झाल्याचे ओळखणारी यंत्रणा असलेला गिझर अशा वेळी स्वतःहून विझतो. तो बिघाड नसून इशारा असतो. 'सारखा बंद पडतो' म्हणून ही सुरक्षायंत्रणा जोडतार लावून निकामी करून घेण्याचा प्रकार घडतो, तो आत्मघातकी आहे.

ज्योत निळी असावी. ती पिवळी, लांबट दिसत असेल किंवा गिझरच्या वरच्या भागावर काजळी धरत असेल, तर गॅस अर्धवट जळत आहे असे समजावे. मोठा आवाज होऊन गिझर पेटत असेल, तर ठिणगी उशिरा पडून आत गॅस साचत आहे. या दोन्ही प्रकारांत वापर तत्काळ थांबवावा.

जिल्ह्यात कूपनलिकेच्या जड पाण्यावर अवलंबून असणारी घरे पुष्कळ आहेत. अशा ठिकाणी तांब्याच्या नळ्यांत क्षार साचून पाणी कोमट येऊ लागते. क्षार काढण्याचे काम दरवर्षी थंडीपूर्वी करून घेतल्यास गॅसही वाचतो.

दहा मिनिटांचा हिशेब

मिनिटाला सहा लिटर पाणी तापविणारा गिझर पूर्ण ज्योतीवर तासाला अंदाजे एक किलो गॅस जाळतो. एक किलो एलपीजी पूर्णपणे जळण्यासाठी सुमारे १२ घनमीटर हवा लागते. म्हणजे चार बादल्या पाणी तापविण्याच्या दहा मिनिटांत दोन घनमीटर हवेतील प्राणवायू संपतो. पाच बाय सात फुटांच्या आणि आठ फूट उंचीच्या न्हाणीघरात सगळी मिळून हवा असते आठ घनमीटरच्या आसपास. दार-खिडकी बंद असेल, तर त्यातील चतुर्थांश प्राणवायू एका आंघोळीतच खर्च होतो. घरातील दुसरी व्यक्ती लगेच आंघोळीला गेली, तर तिच्या वाट्याला आधीच विरळ झालेली हवा येते.

प्राणवायू अपुरा पडला की गॅस अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. गळती कळावी म्हणून एलपीजीत मुद्दाम उग्र वासाचे द्रव्य मिसळलेले असते. या वायूच्या बाबतीत तशी सोय नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट सहजतेने संयोग पावतो. डोके जड होणे, चक्कर, मळमळ, पायातील बळ जाणे ही त्याची लक्षणे आहेत. अनेकदा माणूस कडीपर्यंत पोहोचण्यापूर्वीच कोसळतो. या प्रकाराच्या रुग्णांवर लिहिताना भारतीय डॉक्टरांनी 'गॅस गिझर सिंड्रोम' अशी संज्ञाच वापरली आहे.

भंडारदऱ्यातील तंबू आणि फिरती घरे

हाच प्रश्न अकोले तालुक्यात वेगळ्या रूपाने समोर येतो. भंडारदरा जलाशयाच्या काठी थंडीत तंबूत मुक्काम करणाऱ्या पर्यटकांची संख्या मोठी असते. राज्य शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केल्यानंतर झोपण्याची व स्वयंपाकाची सोय असलेल्या वाहनांचीही चर्चा वाढली. परदेशात अशा वाहनांत प्रोपेन वायूवर चालणारी भट्टी बसविलेली असते. तिची तपासणीही याच क्रमाने होते; फक्त पाण्याच्या जागी हवा असते. बॅटरीवरील पंखा पुरेशा वेगाने फिरला, तरच हवेच्या झोताने स्विच दाबला जातो, मग ठिणगी आणि मग गॅस. त्यामुळे भट्टी न पेटण्याचे कारण पुष्कळदा उतरलेली बॅटरी हेच निघते. ही भट्टी जळणासाठी हवा बाहेरून घेते आणि धूर बाहेरच सोडते. आपल्याकडे तंबूत किंवा गाडीत ठेवली जाणारी सुटी गॅस शेगडी अथवा कोळशाची शेगडी मात्र माणसाच्या वाट्याचीच हवा वापरते. ती पेटती ठेवून झोपणे कोणत्याही परिस्थितीत टाळावे.

थंडीत गॅसचा दाबही कमी होतो. एलपीजी हे प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण असते. प्रोपेन उणे ४२ अंशांवरही उकळतो. ब्युटेन मात्र शून्य अंशाच्या आसपास वायुरूप होणे थांबवितो. म्हणून गार रात्री संपत आलेला सिलिंडर मंद जळतो. अशा वेळी सिलिंडर आडवा करणे, उलटा करणे किंवा गरम पाण्यात ठेवणे धोक्याचे आहे. आडव्या सिलिंडरमधील द्रवरूप गॅस रेग्युलेटरमध्ये शिरू शकतो.

हे लक्षात ठेवा

- गिझर शक्यतो न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवावा. सिलिंडर उभा आणि बाहेरच ठेवावा.
- गिझर आत असल्यास आधी बादल्या भराव्यात, गिझर बंद करावा, काही वेळ दार उघडे ठेवावे आणि मगच आंघोळीला जावे.
- केवळ एक्झॉस्ट फॅनवर विसंबू नये. दाराखालून किंवा झरोक्यातून ताजी हवा आत येण्यास वाट हवी.
- खरेदी करताना आयएस १५५५८ या भारतीय मानकाची खूण पाहावी. गॅसची सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलावी.
- गळतीची तपासणी साबणाच्या फेसाने करावी, काडी पेटवून कधीही करू नये. एलपीजी हवेहून जड असल्याने जमिनीलगत साचतो.
- गॅसचा वास आल्यास विजेचे बटण चालू वा बंद करू नये. रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात, बाहेर पडावे आणि १९०६ या क्रमांकावर कळवावे.
- आंघोळीला गेलेली व्यक्ती हाकेला उत्तर देत नसेल, तर वाट न पाहता दार उघडावे, तिला मोकळ्या हवेत आणावे, गिझर बंद करावा आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध आली तरी डॉक्टरांकडे नेणे आवश्यक आहे.